परक्या मुलखात संकटाची हाक

घरचे माणूस परदेशी निघाले की आपण त्याला लोणचे-पापड बांधून देतो, देवाचा अंगारा देतो, आणि पोचल्याबरोबर खुशाली कळव म्हणून सांगतो. एक गोष्ट मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तिकडे रात्री-अपरात्री आग लागली, छातीत कळ आली किंवा जमीन हादरली, तर हा हाक कोणाला मारणार? आणि कोणत्या भाषेत? आपल्या गावात नुसते ‘धावा हो’ म्हटले तरी चार माणसे गोळा होतात. परक्या मुलखात हाक मारायचीही रीत शिकावी लागते.

ही रीत कशी असते, हे जपानच्या उदाहरणावरून पाहू. शेती, कारखाने, वृद्धांची शुश्रूषा अशा कामांसाठी आपले कुशल कामगार तिकडे जावेत, म्हणून भारत आणि जपान यांच्यात २०२१ साली करार झाला आहे. तेव्हा हा विषय आता केवळ शहरातल्या शिकलेल्या मंडळींचा राहिलेला नाही.

जपानमध्ये दोन क्रमांक तोंडपाठ हवेत. पोलिसांसाठी ११०, आणि आग व रुग्णवाहिका या दोहोंसाठी ११९. या दूरध्वनीला पैसे पडत नाहीत. रुग्णवाहिकाही फुकट येते. इस्पितळाचा खर्च मात्र निराळा. तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परदेशी माणसाला आरोग्यविमा घ्यावाच लागतो, आणि तो असला की उपचाराच्या खर्चातला साधारण तीस टक्के वाटा रुग्णाने द्यायचा असतो. विम्याचा कागद म्हणजे संकटातला सोबती. तो पेटीच्या तळाशी ठेवून उपयोगाचा नाही.

११९ फिरवला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘काजी देसु का, क्यूक्यू देसु का?’ म्हणजे, आग आहे की रुग्णवाहिका हवी? त्याला एका शब्दात उत्तर द्यायचे. दुसरा प्रश्न, तुम्ही कुठे आहात? नवखा माणूस अडतो तो इथेच. जपानी शहरांत बहुतेक रस्त्यांना नावेच नसतात. पत्ता वस्तीच्या आणि घराच्या क्रमांकांवरून सांगतात. यावर तिथल्या लोकांनी एक साधी युक्ती केली आहे. रस्त्याच्या कडेला पेये विकणारी जी यंत्रे उभी असतात, त्यांतल्या पुष्कळांवर त्या जागेचा पत्ता छापलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. ती वाचून दाखवली की गाडी नेमकी येते. अनेक शहरांत ११९ वर दुभाष्यालाही त्याच दूरध्वनीवर जोडून घेतात, आणि तिघांचे बोलणे एकत्र होते.

पण श्रोतेहो, क्रमांक आणि गाड्या असल्या म्हणजे सगळे झाले असे नाही. परक्या माणसाची सुरक्षितता शेवटी भाषेवर येऊन ठेपते, हे जपानला मोठी किंमत मोजून कळले.

१ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराच्या सुमारास टोकियो-योकोहामा भागात भयंकर भूकंप झाला. त्यापाठोपाठ आगी भडकल्या. वृत्तपत्रे बंद पडली, आणि रेडिओ तर त्या देशात अजून सुरूच झाला नव्हता. अशा वेळी अफवा वणव्यासारखी पसरते. कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत अशी आवई उठली. जमावाने रस्ते अडवले. कोण कोरियन हे ओळखण्यासाठी लोकांना काही जपानी शब्द उच्चारायला लावले, आणि जीभ अडखळली त्याचा जीव गेला. पुष्कळ निरपराध कोरियन माणसे अशा रीतीने मारली गेली. जमिनीने सोडलेली माणसे शेजाऱ्यांनी मारली. पुढे मार्च १९२५ मध्ये जपानात रेडिओचे प्रक्षेपण सुरू झाले. ते लवकर व्हावे असे वाटण्यामागे या अफवांचा अनुभवही होता.

यानंतर सत्तरेक वर्षांनी, १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहर हादरले. सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. तिथल्या नागाता भागात पादत्राणांच्या कारखान्यांत काम करणारे कोरियन आणि व्हिएतनामी लोक राहत होते. पाणी कुठे मिळते, निवारा कुठे आहे, याच्या सूचना निघत होत्या. पण त्या कळणार कशा? त्याच महिन्याच्या अखेरीस तिथे कोरियन भाषेतला एक लहानसा रेडिओ बोलू लागला. वसंतात व्हिएतनामी आणि इतर भाषांतला दुसरा आला. दोन्ही एकत्र झाले, आणि भूकंपाला वर्ष पुरे झाले त्या दिवसापासून ‘एफएम वायवाय’ या नावाने त्यांचे रीतसर प्रक्षेपण सुरू झाले. जीभ अडखळली म्हणून जिथे एकदा माणसे मारली, त्याच देशात आता त्या जिभेची भाषा बोलून माणसे सावरली.

याच भूकंपातून दुसराही एक धडा निघाला. प्रत्येक भाषेत सूचना देणे शक्य नसते, मग निदान आपली भाषा तरी सोपी करावी. हिरोसाकी विद्यापीठातील अभ्यासकांनी या ‘सोप्या जपानी’चा पाठपुरावा केला. सरकारी सूचनेत ‘हिनान’ असा जड शब्द असे. त्याऐवजी ‘निगेरु’, म्हणजे पळा, म्हणावे. भूकंपानंतरच्या धक्क्याला ‘योशिन’ न म्हणता ‘मागून येणारा भूकंप’ म्हणावे. २०२० साली तिथल्या सरकारनेही सोप्या जपानीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

शिक्षकबंधूंनी यावर विचार करावा. ‘नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे’ हे वाक्य, आणि ‘नदी चढते आहे, शाळेत चला’ हे वाक्य. घाबरलेल्या माणसाला कोणते आधी कळेल? जपानातही निवारा बहुधा शाळेतच असतो, आणि १ सप्टेंबरला ठिकठिकाणी बचावाची रंगीत तालीम होते. परदेशी माणसाने तालमीला आवर्जून जावे. तिथे वाट कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेजाऱ्यांना त्याचे तोंड ओळखीचे होते.

तेव्हा आपला मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली, तर एका कागदावर पाच गोष्टी लिहून द्या : तिथले संकटकाळाचे क्रमांक, तिथल्या भाषेत राहत्या जागेचा पत्ता, रक्तगट आणि नेहमीची औषधे, भारतीय दूतावासाचा दूरध्वनी, आणि जवळच्या शेजाऱ्याचे नाव. पहिल्या चार गोष्टी इथे बसून मिळवता येतील. पाचवी तिथे पोचल्यावर, पहिल्याच आठवड्यात, दार ठोठावून मिळवायची आहे. आणि आपल्या गावी ऊसतोडीला, वीटभट्टीला परप्रांतातला कोणी आला, तर त्याच्या कागदावरचे ते पाचवे नाव आपले असू द्या.