लहान गाडीची हिवाळी चाकं

१९६५ च्या जानेवारीत मॉन्टे कार्लो रॅलीवर बर्फ असा काही कोसळला की निघालेल्या २३७ गाड्यांपैकी वेळेत मोनॅकोला पोचल्या त्या जेमतेम ३५. एकही दंडगुण न घेता पहिली आली ती त्यातल्या सर्वात चिमुकल्या गाड्यांपैकी एक, फिनलंडच्या टिमो मॅकिनेनची मिनी कूपर एस. शेजारच्या सीटवर पॉल ईस्टर नोंदवही घेऊन बसलेला. गाडीची चाकं होती दहा इंची, म्हणजे आपल्याकडच्या अ‍ॅक्टिव्हाच्या मागच्या चाकाच्या मापाची.

हे माप बर्फाचा विचार करून कोणी ठरवलं नव्हतं. रचनाकार अ‍ॅलेक इसिगॉनिसला १९५९ ची मिनी दहा फुटांत बसवायची होती आणि त्यात चार माणसं व सामानही मावायला हवं होतं. चाकाच्या कमानी आत घुसल्या की माणसांची जागा जाते, म्हणून त्याने चाकंच लहान केली. एवढ्याशा चाकाचे टायर तेव्हा मोटारींसाठी सहजी मिळत नव्हते; डनलॉपने ते खास बनवले. पुढे कूपर एससाठी मोठे डिस्क ब्रेक हवे झाले, तेव्हा साडेसात इंची चकती त्या दहा इंची चाकाच्या पोटात कोंबावी लागली. चाकाचं माप शेवटी ब्रेक ठरवतो, हे तिथेच पहिल्यांदा दिसलं, आणि पुढची साठ वर्षं ते पुन्हापुन्हा दिसत राहणार होतं.

अरुंद टायर, पुढच्या चाकांना ताकद आणि त्याच चाकांवर इंजिनाचा भार, असा तिहेरी योग हिवाळ्यात मिनीच्या पथ्यावर पडला. ताज्या भुसभुशीत बर्फात रुंद टायर तरंगतो, अरुंद टायर तो कापत खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो. आजही स्वीडनच्या बर्फातल्या जागतिक रॅलीत गाड्या नेहमीपेक्षा अरुंद, खिळे ठोकलेल्या टायरवरच धावतात.

पण मॉन्टे कार्लोत नुसता बर्फ नसतो, आणि त्यातच या रॅलीची खरी गोम आहे. तूरीनीची खिंड घ्या. पायथ्याशी रस्ता कोरडा, मधल्या वळणांवर ओला, वर माथ्यावर काचेसारखा गोठलेला, आणि हे सगळं एकाच टप्प्यात. खिळ्यांचे टायर कोरड्यावर घसरतात, कोरड्याचे टायर माथ्यावर दगा देतात. म्हणून मिनी बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या संघाने टप्पा सुरू होण्याआधी चालक-सहचालकांची दुसरी जोडी त्याच रस्त्यावरून पाठवायला सुरुवात केली. बर्फ कुठे, किती आणि कोणत्या वळणाच्या कोणत्या बाजूला आहे, याची टिपणं मुख्य चालकाच्या हाती पडत आणि त्यावरून टायर ठरत. १९६७ साली आयोजकांनी टायरांच्या संख्येलाच चाप लावला, तेव्हा तर ही निवड गणितासारखी झाली. त्या वर्षी राउनो आल्टोनेन आणि हेन्री लिडन यांची मिनी जिंकली, लान्सियाच्या ओव्ह अँडरसनपेक्षा अवघ्या तेरा सेकंदांनी.

साध्या माणसाच्या गाडीचा हिवाळी टायर मात्र रॅलीतून आलेला नाही. तो आला फिनलंडच्या टपाल-मालवाहतुकीच्या रोजच्या हालांतून. नोकिया गावच्या रबर कारखान्याने १९३४ मध्ये ट्रकसाठी बर्फाचा टायर काढला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी ‘हाक्कापेलीट्टा’. नाव सतराव्या शतकातल्या फिनिश घोडदळाचं, आणि ते आजही विकलं जातं. जर्मनीत काँटिनेंटलने १९५२ मध्ये चिखल-बर्फाचा टायर आणला. त्या काळी असे दोनच टायर घ्यायचे आणि ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते तिथे चढवायचे, अशी रीत होती. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला ती कशीबशी चालून जाई. मिनीसारख्या गाडीला पुढे दोन हिवाळी आणि मागे दोन उन्हाळी टायर लावले, की गाडी चढ झकास चढे आणि उतारावरच्या वळणात शेपटीकडून फिरे. चारही चाकांना एकच टायर हा आग्रह अशाच अनुभवांतून रुजला, टायर कंपन्यांच्या लोभातून नव्हे. लोभ होताच, पण तो इथे बरोबर बाजूला होता.

साठच्या दशकात धातूच्या खिळ्यांचे टायर सरसकट झाले. बर्फावर उत्तम, पण वर्षातले उरलेले दिवस ते डांबर कुरतडत. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. जपानच्या सेंदाई-सप्पोरो भागात तर उगवत्या वसंतात रस्त्याची धूळ हवेत तरंगू लागली, लोक खोकू लागले आणि १९९० मध्ये कायदाच करावा लागला. ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये आणलेला ब्लिझॅक हे या पेचाचं एक उत्तर होतं. त्याच्या रबरात बारीक बुडबुडे होते. बर्फावर पाण्याचा जो सूक्ष्म पापुद्रा तयार होतो आणि चाक घसरवतो, तो ही छिद्रं शोषून घेत. युरोपात उत्तर मिळालं ते ठोकळ्यांवरच्या सुरीने चिरल्यासारख्या नागमोडी चिरांत आणि सिलिकात. १९९२ पासून मिशेलिनने प्रवासी गाड्यांच्या टायरात सिलिका मोठ्या प्रमाणावर आणला आणि थंडीत लवचीक राहूनही ओल्या रस्त्यावर पकड देणारं रबर शक्य झालं.

इथे एक गैरसमज बाजूला करायला हवा. हिवाळी टायर म्हणजे फक्त बर्फाचा टायर नव्हे. सुमारे सात अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं, रस्ता अगदी कोरडा असला तरी. सात हा आकडा ढोबळ आहे, पण वेगवान लहान गाड्यांच्या बाबतीत तो जास्तच लागू पडतो, कारण त्यांना कारखान्यातून मिळणारे टायर उन्हाच्या पकडीसाठी बेतलेले असतात.

१९७६ ची गोल्फ जीटीआय आली तेव्हा ११० अश्वशक्तीच्या त्या गाडीला कारखान्याने दिलेला टायर होता १७५/७० चा, १३ इंची. आज हे माप वाचून हसू येईल. पण हिवाळ्यासाठी तो सुवर्णकाळ होता. साध्या गोल्फची चार पोलादी चाकं, त्यांवर अरुंद टायर, झालं काम. १९८४ ची प्युजो २०५ जीटीआय १४ इंचांवर उभी होती. १९८६ मध्ये मोठ्या इंजिनाची आली ती १५ वर. मिनीचंही तेच. १९८४ मध्ये तिला मोठ्या डिस्कसाठी १२ इंची चाकं मिळाली आणि शेवटच्या वर्षांत खेळकर रूपाच्या पॅकमध्ये १३ इंची. गाडी तीच, चाक तीन इंचांनी फुगलेलं. यातल्या १२ ला कारण होतं, १३ ला मुख्यतः आरसा.

२००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या घरची नवी मिनी आली, पाठोपाठ २००२ मध्ये सुपरचार्जरची कूपर एस, आणि हिवाळी चाकांची निवड हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला. कूपर एसची मूळ चाकं १९५/५५ आर १६. दुकानात मोह पाडणारी २०५/४५ आर १७. आणि हिवाळ्यासाठी १७५/६५ आर १५. हे आकडे नुसते वाचून कळत नाहीत, मांडून पाहावे लागतात. पहिल्याचा एकूण व्यास भरतो ६२१ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६१६, तिसऱ्याचा ६०८. म्हणजे १६ वरून १५ वर आलं तरी घेर जेमतेम दोन टक्के घटतो, आणि वेगमापक खऱ्यापेक्षा किंचित जास्त दाखवतो, कमी नव्हे. बदलते ती टायरची बाजूची भिंत. १७ इंचीची ९२ मिलिमीटर, १५ इंचीची ११४. बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिम वाचते ती या दोन सेंटिमीटरांमुळे. मारुतीच्या इग्निसला पुण्या-नाशकात हेच १७५/६५ आर १५ माप असतं, तेव्हा तिथल्या टायरवाल्याला ते नवं नाही. फक्त रबर वेगळं.

या मिनीला आणखी एक अडचण चिकटून आली. कूपर एसला स्टेपनीच नाही. मागे मधोमध सायलेन्सरचे नळ असल्यामुळे चाक ठेवायला जागा उरली नाही आणि हवा गेल्यावरही काही अंतर धावणारे, जाड भिंतींचे टायर कारखान्याने दिले. ते मुळातच ताठ, थंडीत आणखी ताठ. कित्येक मालकांनी हिवाळी संच घेताना साधे टायर पसंत केले आणि डिकीत हवा भरण्याचा छोटा पंप व पंक्चरचा द्रव ठेवला. हा सौदा शहाणपणाचा होता, असंच म्हणावं लागेल.

जुना संच नव्या गाडीला लावू पाहणाऱ्यांना खरा हिसका बोल्टांनी दिला. २००६ च्या मध्यापर्यंतच्या मिनीला १२ मिलिमीटर जाडीचे बोल्ट, घट्ट करायचे १२० न्यूटन-मीटरला. नंतर १४ मिलिमीटरचे, १४० ला. २०१४ च्या पिढीत तर चार बोल्टांचे पाच झाले आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० वरून ११२ वर गेला. तळघरात जपून ठेवलेली १५ इंची चाकं एका फटक्यात परक्याची झाली.

जर्मनीत चाकं कधी बदलायची याचा आडाखा सोपा आहे: ऑक्टोबर ते ईस्टर. पुण्याहून म्युनिक-श्टुटगार्टला नोकरीला गेलेल्या मराठी इंजिनियरांना पहिल्याच वर्षी तो कोणीतरी सांगतोच. सगळा सोहळा अर्ध्या तासाचा. उतरवलेल्या चाकावर खडूने ‘पुढचं डावं’, ‘मागचं उजवं’ लिहायचं. चाक जिथे टेकतं त्या बसकीवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा, नाहीतर चाक सपाट बसत नाही आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. बोल्ट तिरपे आवळायचे, पाना ‘कट्’ वाजेपर्यंत, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. टायरची उरलेली खोली पाहायला दोन युरोचं नाणं पुरतं; त्याची बाहेरची चंदेरी कड चार मिलिमीटरच्या आसपास. ती खाचेत पूर्ण बुडाली नाही, तर टायरचे हिवाळे संपले. कायदा १.६ मिलिमीटरला मान्यता देतो, ऑस्ट्रिया मात्र हिवाळी टायरला चारच मागतो. ज्यांच्याकडे तळघर नाही, त्यांची उतरवलेली चाकं टायरवाला भाड्याने सांभाळतो.

सक्ती हळूहळू आली. स्वीडनमध्ये १९९९ पासून, क्विबेकमध्ये २००८ पासून. जर्मनीने डिसेंबर २०१० मध्ये तारखांऐवजी रस्त्याची स्थिती हा निकष धरला: बर्फ, गारठलेला चिखल, निसरडी गोठण असेल तर हिवाळी टायर हवाच. तेव्हा टायरच्या भिंतीवर ‘एम+एस’, म्हणजे चिखल-बर्फ, ही अक्षरं असली की भागत असे. पण ती अक्षरं कोणतीही परीक्षा न देता छापता येत. तीन शिखरं आणि हिमकणाच्या चिन्हामागे मात्र बर्फावरची चाचणी असते. २०१८ पासून बनलेल्या टायरांना जर्मनीत हेच चिन्ह लागतं, आणि ऑक्टोबर २०२४ पासून जुन्यांची सवलतही संपली. वेगवान गाड्यांसाठी एक गंमतशीर सूट मात्र शिल्लक आहे. २३० ने पळणाऱ्या गाडीला १९० च्या मर्यादेचे हिवाळी टायर चालतात, फक्त ती मर्यादा लिहिलेली चिठ्ठी चालकाच्या नजरेसमोर चिकटवायची.

दरम्यान ‘अरुंद तेच चांगलं’ हा मॅकिनेनच्या काळचा मंत्रही थोडा सैल झाला. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर पकड देतात त्या चिरा. त्यांत बर्फ भरतो आणि बर्फाला बर्फच धरतो. तिथे रुंदीचा तोटा फारसा उरत नाही. कोरड्या, थंड महामार्गावर तर रुंद टायर लवकर थांबतो. खोल बर्फ, पाणी आणि चिखलराडा यांत अरुंद अजून पुढे. म्हणजे आल्प्समधल्या गावात राहणाऱ्याचं उत्तर वेगळं आणि फ्रँकफर्टमधल्याचं वेगळं. दोघांची गाडी एकच असली तरी.

तरीही निवड मोकळी राहिलेली नाही, कारण मध्ये ब्रेक उभा आहे. जॉन कूपर वर्क्सच्या मिनीला मोठे कॅलिपर असल्यामुळे १५ इंची चाक सोडूनच द्यायचं. खाली यायचं ते १७ पर्यंत. टोयोटाची जीआर यारिस २०२० मध्ये आली ती १८ इंची चाकांवर. तिच्या वरच्या प्रतीतल्या पुढच्या चकत्या ३५६ मिलिमीटरच्या, म्हणजे चौदा इंचांच्या. मूळ मिनीचं आख्खं चाक त्या चकतीत मावून वर जागा उरेल. अशा गाडीला हिवाळी संच घेताना रिमचा आतला आकार, आऱ्यांची कॅलिपरपासूनची दूरी आणि ऑफसेट हे सगळं तपासून, जमल्यास चाक प्रत्यक्ष चढवून पाहावं लागतं. चाक चढलं तरी १७ आणि १८ इंची हिवाळी टायरांना पैसे मोजावे लागतात ते वेगळेच.

म्हणूनच बारमाही टायरांचा पर्याय आता पूर्वीसारखा हसण्यावारी नेला जात नाही. गुडइयरचा टिएंपो १९७७ चा. व्रेडेस्टाइन नव्वदच्या दशकापासून यात आहे, आणि २००९ पासून ती डच कंपनी आपल्या अपोलो टायर्सची.   २०१५ मध्ये मिशेलिनने क्रॉसक्लायमेट आणला तो उन्हाळी टायरला बर्फाचं प्रमाणपत्र मिळवून, आणि सपाट प्रदेशातल्या छोट्या गाड्यांच्या मालकांनी दुसऱ्या संचाचा खर्च, साठवण आणि ऑक्टोबरची धावपळ सोडून दिली. वेगाची हौस असलेल्या मालकाला मात्र हा टायर जुलैमध्ये, तापलेल्या वळणावर, थोडा मऊ आणि उशिरा वळणारा वाटतो. तो अजून दोन संच बाळगतो: उन्हाळ्यात १७, आणि ब्रेकने परवानगी दिली तर हिवाळ्यात १६.