आधी पंप, मग स्टेथोस्कोप

‘डॉक्टर, पंपाची सवय लागेल हो, गोळीच द्या,’ ही विनवणी बेळगावात मी आजही ऐकतो. साल्ब्युटामॉलची नेहमीची गोळी 4 मिलिग्रॅमची. पंपाचा एक फवारा 100 मायक्रोग्रॅमचा, म्हणजे अवघा चाळिसावा हिस्सा! गोळी रक्तावाटे सर्वांगभर फिरते, हात थरथरविते, छाती धडधडविते; फवारा थेट श्वासनलिकांत उतरतो. अर्थात, उतरला तर.

एकदा एका आजींना म्हटले, ‘पंप घेऊन दाखवा.’ त्यांनी तो तोंडात धरून दाबला आणि श्वास मात्र नाकाने घेतला! दोन वर्षे औषध जिभेवरच राहत होते, आणि मी मात्रा वाढवीत गेलो होतो. स्पेसर जोडून दिला. सावकाश श्वास ओढून दहा अंक मोजेपर्यंत रोखून धरायला शिकविले. तेव्हापासून प्रत्येक भेटीत प्रथम रुग्णाच्या हाती पंप देतो, स्टेथोस्कोप नंतर.