फ्लोरिडाची सागरी हद्द

5 नोव्हेंबर 1968 रोजी रिचर्ड निक्सन अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आले, त्याच मतदानात फ्लोरिडाच्या मतदारांनी राज्याचे नवे संविधान मंजूर केले. त्यातल्या सीमाविषयक कलमात पूर्वेची हद्द किनाऱ्यापासून तीन सागरी मैल किंवा गल्फ स्ट्रीम या प्रवाहाची कड, यांपैकी जे दूर असेल तिथपर्यंत धरलेली आहे. प्रवाहाची कड म्हणजे काही रोवलेला दगड नव्हे. पाम बीचसमोर हे उबदार पाणी किनाऱ्याला लगटून वाहते, जॅक्सनव्हिलसमोर ते खोल समुद्रात निघून जाते, शिवाय त्याची जागाही हलत राहते.

समुद्राच्या हद्दीवरून राज्ये आणि संघराज्य यांच्यात झालेल्या वादाच्या मुळाशी तेल होते. किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर राज्यांचा नव्हे, संघराज्याचा हक्क आहे, असा निकाल 1947 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाविरुद्ध दिला. किनारी राज्ये खवळली. 1952 च्या निवडणुकीत आयझेनहॉवर यांनी त्यांची बाजू घेतली. 1953 च्या कायद्याने राज्यांना तीन मैलांचा पट्टा मिळाला. मेक्सिकोच्या आखातात मात्र जुनी हद्द सिद्ध झाल्यास तीन लीग, म्हणजे नऊ सागरी मैल किंवा साधारण 16.7 किलोमीटर, मिळण्याची सोय ठेवली होती.

फ्लोरिडाकडे असा पुरावा होता. यादवी युद्धानंतर काँग्रेसमध्ये पुन्हा प्रतिनिधित्व मिळवण्यासाठी राज्याने 1868 मध्ये नवे संविधान सादर केले होते. त्यात आखाताच्या बाजूला तीन लीग लिहिलेले होते. तेलाचा विचारही नसलेल्या त्या दिवसांत काँग्रेसने ते मान्य केले. 1960 मध्ये तेवढ्यावर फ्लोरिडा जिंकले. टेक्सासलाही त्याच्या स्वतंत्र प्रजासत्ताकाच्या काळातल्या 1836 च्या कायद्यामुळे नऊ मैल मिळाले. लुइझियाना, मिसिसिपी आणि अलाबामा तीनवरच राहिले.

अटलांटिककडे गल्फ स्ट्रीमची मात्रा चालली नाही. 1976 च्या हुकूमनाम्यात न्यायालयाने त्या बाजूला तीनच मैल ठरवले. मतदारांनी घातलेले शब्द संविधानात मात्र आजही तसेच आहेत. 1988 मध्ये रेगन यांनी देशाचा प्रादेशिक समुद्र बारा मैलांपर्यंत वाढवला, पण त्यातून राज्यांच्या पदरात काहीच पडले नाही.

पुढचा प्रश्न मतपेटीत गेला तो हद्द वाढवण्यासाठी नव्हे. नोव्हेंबर 2018 मध्ये सुमारे 69 टक्के मतदारांनी राज्याच्या पाण्यात तेल आणि वायूसाठी विहिरी खणण्यास संविधानानेच मनाई केली. त्याच दुरुस्तीत, का कोण जाणे, बंदिस्त कामाच्या जागी ई-सिगारेट ओढण्यावरची बंदीही जोडलेली होती.