कॉफीची कहाणी – भाग ६ : एक किडा, एक बुरशी

बाबा बुडनगिरीच्या उतारावरची कॉफी एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांच्या हाती कशी गेली, ते मागच्या भागात पाहिलं. कोडगूत त्यांनी डोंगरच्या डोंगर मोकळे केले. झाडाला ऊन जास्त मिळालं तर फळही जास्त धरेल, असा त्यांचा हिशेब होता, आणि पहिली काही वर्षं तो खराही ठरला. पण १८६० च्या दशकात बागा उभ्याउभ्या वाळू लागल्या.

कारण होतं पांढरा खोडकिडा. या भुंगेऱ्याची मादी कॉफीच्या सालीच्या भेगांत अंडी घालते आणि त्यासाठी ऊन लागणारं उघडं खोड निवडते. अळी खोडात शिरून आतलं लाकूड पोखरत जाते. बाहेरून कळेपर्यंत झाड हातचं गेलेलं असतं. कोडगूतल्या उघड्या बागांचं अतोनात नुकसान झालं. पुन्हा लागवड करताना मळेवाल्यांनी मग सावली धरली. मंजराबादचे मळेवाले रॉबर्ट एलियट यांनी १८९४ च्या आपल्या पुस्तकात सावलीच्या झाडांची बाजू आग्रहाने मांडली आहे.

तोवर दुसरा शत्रूही येऊन पोहोचला होता. १८६९ मध्ये सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कॉफीच्या पानांखाली नारिंगी भुकटी दिसली. तो तांबेरा होता. आपल्याकडे गव्हावर आणि सोयाबीनवर पडणाऱ्या तांबेऱ्याच्याच जातकुळीतली ही बुरशी. शास्त्रीय नाव हेमिलिया व्हास्टाट्रिक्स. पानं गळतात, फांद्या उघड्या पडतात आणि फळ पोसत नाही. १८८० मध्ये हॅरी मार्शल वॉर्ड हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ तपासासाठी सिलोनला आला. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर पसरतात, पानावरच्या ओलाव्यात रुजतात आणि पानाच्या रंध्रांतून आत शिरतात, हे त्याने दाखवून दिलं. मैलोन्‌मैल कॉफीच कॉफी, वाऱ्याला आडवं येणारं दुसरं झाड नाही. त्यामुळे रोगाला वाट मोकळी होती. निदान अचूक होतं, पण उपाय हाती नव्हता. सिलोनचे मळे शेवटी चहाकडे वळले.

भारतात तांबेरा १८७० च्या सुमारास आला. इथल्या अरेबिकाची खरी अडचण तिच्या वंशात होती. अरेबिकाचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, आणि येमेनमार्गे जगभर गेलेली झाडं मोजक्या बियांपासून वाढलेली. त्यामुळे सगळी एकसारखी, आणि रोगाला बळीही एकसारखीच पडणारी. ‘चिक’ हा जुना वाण असाच गेला. १९११ मध्ये म्हैसूर संस्थानातल्या दोड्डनगुड्डा मळ्यावर केंट नावाच्या मळेवाल्याला तग धरणारं झाड सापडलं, आणि ‘केंट्स’ हा वाण सगळीकडे लागला. काही वर्षांत त्याच्यावरही तांबेरा आला.

याचं उत्तर बाळेहोन्नूरला मिळालं. म्हैसूर संस्थानाने १९२५ मध्ये तिथे कॉफी संशोधन केंद्र उघडलं होतं. तिथल्या मेन या संशोधकाने दाखवलं की तांबेऱ्याचेही निरनिराळे प्रकार असतात. एका प्रकाराला दाद न देणारं झाड दुसऱ्यापुढे टिकत नाही. लायबेरिका या दुसऱ्या प्रजातीचा अंश असलेल्या झाडाशी केंट्सचा संकर करून १९४० च्या दशकात ‘एस. ७९५’ हा वाण आला. आजही अरेबिकाच्या बागांत तो मोठ्या प्रमाणावर दिसतो. दरम्यान सखल भागात रोबस्टा रुजली होती. तिला तांबेरा फारसा त्रास देत नाही, खोडकिडाही नाही. आज भारताच्या एकूण कॉफीपैकी सुमारे ७० टक्के रोबस्टा आहे.

चिकमगळूरच्या अरेबिकाच्या बागेत गेलात तर वर शिसव, फणस, सिल्व्हर ओक, त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल, मधल्या थरात पांगारा आणि त्याखाली कॉफी दिसेल. पावसाळ्याआधी बोर्डो मिश्रणाची फवारणी होते. मोरचूद आणि चुन्याचं हे मिश्रण नाशिकच्या द्राक्षबागायतदारांच्या रोजच्या ओळखीचं आहे. सावली मात्र मोजूनमापून ठेवावी लागते. ती विरळ झाली तर खोडकिड्याचं फावतं. फार दाट झाली तर पानं लवकर सुकत नाहीत आणि तांबेऱ्याला हवा तो ओलावा मिळतो. म्हणून दर वर्षी पावसाच्या तोंडावर फांद्या छाटून सावलीचा मेळ घालतात.

आज कॉफीला भाव चढला की सावलीची झाडं तोडून जास्त रोपं बसवण्याचा मोह पुन्हा होतो. दीडशे वर्षांपूर्वीचा तोच हिशेब आहे, आणि त्याची किंमत कोडगूने एकदा मोजली आहे. बागेतली झाडांची विविधता ही शोभा नाही, तिथल्या पिकाचं ते संरक्षण आहे. ती टिकवणाऱ्या बागायतदाराला भावात त्याचा मोबदला मिळायलाच हवा.

पुढच्या भागात : फेब्रुवारी-मार्चमधला वळवाचा पाऊस, आणि त्याच्यावर ठरणारं कॉफीचं वर्षभराचं पीक.