श्वासनलिकेतील हाडांचे कण

जळगाव-धुळ्याकडे कापसाचा हंगाम सुरू झाला, जिनिंगची यंत्रे फिरू लागली, की खोकल्याचेही दिवस येतात. खोकला जुना झाला म्हणजे त्यास ठरलेली नावे मिळतात. धूळ, दमा अथवा क्षय. बहुधा त्यांतील एखादे खरेही असते. क्वचित मात्र श्वासनलिकेच्या आतील अस्तराखाली हाडाचे वा कूर्चेचे कण उगवलेले आढळतात.

‘ट्रॅकिओब्राँकोपॅथिया ऑस्टिओकाँड्रोप्लास्टिका’ हे या विकाराचे नाव. उच्चारताना डॉक्टरांचीही जीभ अडखळावी असे. १८५७ मध्ये लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी क्षयाने मृत्यू पावलेल्या ३८ वर्षांच्या पुरुषाच्या श्वासमार्गात असे कण पाहून त्यांचे वर्णन केले. ते का उगवतात, हे वैद्यकास अद्याप उमगलेले नाही.

श्वासनलिकेस समोरून व बाजूंनी कूर्चेच्या अर्धवर्तुळाकार कड्यांचा आधार असतो; अन्ननलिकेकडील मागची भिंत मऊ असते. हे कण कड्यांच्याच बाजूस उगवतात, मागची भिंत सहसा मोकळी राहते. रोग ओळखण्याची खूण हीच. साध्या एक्स-रेत ते पुष्कळदा दिसत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये दिसतात, आणि दुर्बिणीतून पाहता नलिकेत खडे जडवल्यासारखे भासते.

हा कर्करोग नव्हे. वाढ अतिशय संथ असते, अनेकांना आयुष्यभर त्रासही होत नाही. ज्यांना होतो त्यांना खोकला, घरघर, कधी थुंकीतून रक्त. रक्त दिसताच घर हादरते आणि मनात क्षयच येतो. तेथे थुंकीची तपासणी आधी झालीच पाहिजे. ती निर्दोष आली, दम्याचा पंपही महिनोन्महिने लागू पडला नाही, तर औषध बदलत बसण्यापेक्षा छातीरोगतज्ज्ञांकडून नलिका आतून पाहून घेणे शहाणपणाचे. सुरू असलेली औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत.

कण समूळ नाहीसे करणारे औषध नाही. खोकला व जंतुसंसर्ग यांवर उपचार होतात. मार्ग फार अरुंद झाला तरच दुर्बिणीतून लेसरने अथवा चिमट्याने ते काढतात.

कित्येकांना हा विकार कळतो तो भलत्याच शस्त्रक्रियेच्या वेळी. भूल देताना श्वासनलिकेत घालावयाची नळी पुढे सरकत नाही, आणि सारेच क्षणभर थबकतात. निदान आधी झाले असेल तर तो कागद भूलतज्ज्ञांच्या हाती द्यावा. ते बारीक नळी अगोदरच जवळ ठेवतात.