पोचलो की मिस कॉल दे

आमचं शेत उमरगा तालुक्यात, मुरूमच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेला लागून. विहिरीपाशी उभं राहिलं की फोन महाराष्ट्रात असायचा, बांधावरच्या लिंबाखाली गेलं की कर्नाटकात. आधी स्वागताचा मेसेज यायचा आणि मग घरून आलेला फोन उचलला तरी बॅलन्स कटायचा. त्यामुळे फोन वाजला की धाकटा भाऊ खुरपं टाकून विहिरीकडे पळत सुटायचा. रोमिंग म्हणजे काय ते विमान न पाहताच आम्हाला कळलं. १५ जून २०१५ पासून बीएसएनएलनं देशभर रोमिंगमधलं इनकमिंग फुकट केलं, तेव्हा त्याची ही पळापळ थांबली. तशी सिमची सरहद्द कधी नकाशाला धरून नव्हतीच. टेलिकॉम सर्कलच्या हिशेबात गोवा आमच्याबरोबर आणि मुंबई वेगळी!

देशातला पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. कलकत्त्यातून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीतल्या दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळात मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. आमची धाव तेव्हा पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथपर्यंत. आत कोंदट काचेची खोली, समोर लाल आकड्यांचं मीटर. बोलणाऱ्याचे डोळे त्या आकड्यांवर आणि बोलणं त्यामुळे तुटक. रात्री उशिरा दर उतरायचा, म्हणून पुण्या-मुंबईतल्या मुलांची खुशाली गाव झोपल्यावर कळायची.

१ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि मिस कॉलला बरकत आली. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन रिंगा म्हणजे स्टँडवर मोटारसायकल घेऊन ये. उचलायचा मात्र नाही. उचलला की समोरच्याचा रुपया गेला आणि वर शिव्या. आमच्या आईनं हे शास्त्र सगळ्यांत आधी आत्मसात केलं.

पण देशाबाहेर मिस कॉल चालेना. २००९ च्या उन्हाळ्यात आम्ही काशी, गया करून नेपाळला निघालो. पन्नासएक माणसं, बसच्या टपावर पातेली आणि सोबत आचारी. सोनौलीची वेस ओलांडली आणि बसमधले सगळे फोन एकदम मुके झाले. पलीकडच्या टपरीवर सिम मिळत होतं. शंभराच्या नोटेचे एकशेसाठ नेपाळी रुपये होतात, हे आचाऱ्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. तो दरवर्षी येणारा. मतदार ओळखपत्राची झेरॉक्स दिली, फोटो दिला, फॉर्म भरला. सही करायला पेन उघडलं, तर दुकानदारानं शाईचा पॅड पुढं सरकवला. दोन्ही अंगठे हवेत म्हणाला. साक्षरता अभियानात रात्रीचे वर्ग घेऊन मी निम्म्या गावाला सही शिकवलेली! मागं उभ्या म्हाताऱ्यांत एकच हशा पिकला. ‘मास्तर, तुम्ही बी अंगठेबहाद्दर झालात की!’

ते एक सिम साऱ्या बसला पुरलं. कार्डावरची पट्टी नखानं खरवडायची, आकडे मोठ्यानं वाचायचे आणि बॅलन्स टाकायचा. रोज रात्री एकच फोन, गावातल्या किराणा दुकानात. मी यादी वाचायचो : अमक्याचा ताप उतरला, तमकीची चप्पल पशुपतिनाथाला हरवली, पांडूतात्यांना म्हणावं म्हशीला पेंड घाला. दुकानदार ते पुडीच्या कागदावर उतरवून घ्यायचा आणि सकाळी दूध घ्यायला येणाऱ्यांना सांगायचा. दहाच्या आत घरोघर निरोप पोचलेला असायचा. मला अजूनही ती व्यवस्था फार बरी वाटते. हल्ली पन्नास जणांचे पन्नास फोन असतात आणि कुणाची चप्पल हरवली ते शेजाऱ्यालाही कळत नाही.

जम्मू-काश्मीरची गोष्ट निराळी. तिथं बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड चालतच नाही. लखनपूरची वेस ओलांडली की आमची सगळी गाडी गप्प, आणि बँकेतल्या एका साहेबांचं पोस्टपेड चालू. त्या आठवड्यात साहेबांची जी बडदास्त राहिली, ती त्यांच्या मुलीच्या लग्नातही राहिली नसेल.

शेजारचे चाचा २०१८ ला हजला गेले. सौदी अरेबियात २०१६ पासून सिमला बोटांचे ठसे लागतात. चाचा आयुष्यभर गवंडी. सिमेंटनं बोटांच्या रेषा खाऊन टाकलेल्या. काउंटरवरच्या पोरानं दहाही बोटं यंत्रावर ठेवून पाहिली, पुसली, ओली केली. यंत्र काही त्यांना ओळखेना. मागं रांग खोळंबलेली. शेवटी सोबतच्या तरुण भाच्याच्या बोटावर सिम निघालं. चाचा परत आल्यावर हसत म्हणाले, ‘रेशनच्या दुकानात जे होतं तेच मक्केत झालं, मास्तर. अल्लाहनं ओळखलं, मशीननं नाही.’

गेल्या वर्षी पुतण्या थायलंडला गेला. त्याला ना टपरी लागली, ना फोटो, ना शाई. निघायच्या आदल्या रात्री धाराशिवात घरी बसून त्यानं ई-सिम घेतलं, चौकटीचा कोड स्कॅन केला, झालं. जुनं सिम फोनमध्येच, बँकेच्या ओटीपीसाठी. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरावर, त्यामुळे नवा नंबर कुणाला कळवायचा प्रश्नच नाही. या नव्या सिमवर बोलताही येत नाही, नुसता डेटा.

बँकॉकला उतरल्या उतरल्या त्यानं घरच्या ग्रुपवर विमानतळाचा व्हिडिओ टाकला, लोकेशन टाकलं, सोबत जेवणाच्या ताटाचा फोटो. सुनेनं तो सगळा पसारा आईला दाखवला. आई ब्याऐंशी वर्षांची. तिनं चष्मा पुसून सगळं पाहिलं आणि म्हणाली, ‘ते असू दे. पोचला का ते विचार. मिस कॉल दे म्हणावं.’

सुनेनं तसं लिहिलं. मिनिटभरात आईच्या हातातला फोन वाजायला लागला, पडद्यावर पुतण्याचा चेहरा. सून म्हणाली, ‘उचला आई, याचे पैसे पडत नाहीत.’

आईनं एक रिंग पुरी ऐकली आणि फोन उशीखाली ठेवून दिला.