टीव्हीवरच्या माळ्याची बाग
कागल पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्ट सुटल्यावर कुंड्यांत रमणाऱ्या मंडळींसाठी!

इंग्लंडमधल्या रटलंड परगण्यातली बार्न्सडेल बाग बीबीसीच्या ‘गार्डनर्स वर्ल्ड’मुळे घरोघरी पोचली. निवेदक जेफ हॅमिल्टन यांनी १९८३ मध्ये ही जागा घेतली आणि कॅमेऱ्यासमोर वाफा-वाफा उभा केला. श्रीमंती थाट नाही. सामान्य माणसाला परसात जमेल अशा छोट्या छोट्या बागा. दलदलीतलं पीट उपसू नका, नारळाच्या काथ्याचा भुसा वापरा, असं ते सांगत. आपलं कोकोपीट तेच की! ऑगस्ट १९९६ मध्ये सायकल फेरीत त्यांचं निधन झालं. १९९७ पासून बाग लोकांसाठी खुली आहे. पुढे मुलगा निक यांनी ती सांभाळली. जवळच्या लेस्टरला कुणी नातेवाईक असतील, तर त्यांना आवर्जून कळवा.